दगडातला कापूस

मराठीच्या प्राध्यापिकेने भूशास्त्राच्या सहलीला जाण्याचे तसे काही कारण नसते. पण मुलींसोबत एखादी शिक्षिका हवी आणि त्या विभागात कोणी नाही, म्हणून एका डिसेंबरात पहाटे दादर स्थानकावर मी बावीस मुलामुलींसह उभी होते. जायचे होते पुण्याच्या पूर्वेला, एका बंद पडलेल्या दगडखाणीत. मालकाची लेखी परवानगी, डोक्यावर हेल्मेट, कड्याच्या पायथ्याशी कोणी जायचे नाही, असे सगळे सहकारी सरांनी गाडीतच बजावले.

परदेशातली हौशी मंडळे अशा सहली वाळवंटातल्या जुन्या तांब्याच्या खाणींत काढतात म्हणे. आपल्याला रस्त्याची खडी जिथून येते ती खाणही पुरते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसात वायूचे बुडबुडे अडकले; पुढे त्या पोकळ्यांत खनिजे विरघळलेले गरम पाणी झिरपले आणि आतल्या भिंतींवर स्टिल्बाइट, अ‍ॅपोफिलाइट, ह्यूलँडाइट यांचे स्फटिक वाढले. १८६३ साली पुरा झालेल्या बोरघाटातल्या रेल्वेमार्गासाठी कातळ फोडताना निघालेले नमुने लंडनच्या संग्रहालयापर्यंत पोचले. वाघोलीच्या खाणींतला निळाभोर कॅव्हनसाइट तर जगभरचे संग्राहक शोधत असतात. आपण मात्र या साऱ्यांना ‘गारगोटी’ म्हणून मोकळे होतो. (आपल्या साहित्यात दगड पुष्कळ आहे, पण तो बहुधा काळजाचा.)

दुपारी एका मुलाने फोडलेला धोंडा पुढे केला. “मॅडम, हे बघा, कापूस!” काळ्या पोकळीत बोराएवढे दोन पांढरे गोळे होते, केसाळ, अगदी मऊ दिसणारे. सर धावतच आले. “ओकेनाइट आहे. बोट लावू नका, तंतू एकदा चेपले की पुन्हा उभे राहत नाहीत.”

मी तिथेच एका दगडावर बसले. हे वाक्य मला चाळीस वर्षे उशिरा ऐकू आले होते.

वडील लालबागच्या एका गिरणीत कार्डिंग खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. तो रीतसर मागे घेतल्याचे कोणी कधी जाहीर केलेच नाही. मधल्या काळात ते कुठल्याशा खडीच्या खाणीवर जाऊ लागले. चाळीत मात्र आम्ही ‘एका कंपनीत लागलेत’ असे सांगायचो. ज्याच्या हाताला कापूस कळत होता तो माणूस खडी मोजतो, हे सांगण्याची सोय नव्हती. एके संध्याकाळी त्यांनी डब्याच्या पिशवीतून एक दगड काढला. “बघ, इथंपण कापूस.” इतकेच बोलले. दुसऱ्या दिवशी मी तो नळाखाली धरून ब्रशने स्वच्छ घासला. संध्याकाळी त्यांनी तो हातात घेऊन पाहिला, फळीवर ठेवला. रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते, असे आता वाटते.

खाणीतून निघण्यापूर्वी सरांनी प्रत्येक नमुना वर्तमानपत्रात गुंडाळायला लावला आणि आत चिठ्ठी: नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणारा. ठिकाण नसेल तर नमुना कितीही देखणा असो, अभ्यासाला त्याचा उपयोग नाही, हा त्यांचा ठाम नियम. पुष्पिकेचे पान हरवलेल्या पोथीशी झुंजलेल्या आपल्यासारख्यांना हे वेगळे पटवून द्यावे लागत नाही. पोथीची निदान भाषा तरी काही सांगते.

घरचा दगड नंतर मी त्यांना नेऊन दाखवला. गोळ्यांचे आता मळकट नमदे झाले आहेत. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिले. “कांदिवलीचा असू शकेल. तिथल्या खाणींतून ओकेनाइट, गायरोलाइट निघायचे. पण नुसते बघून सांगू नये.” एक कोरी चिठ्ठीही दिली.

वडील आता नाहीत. आईला विचारले, ते एल्फिन्स्टनवरून गाडी धरायचे की करी रोडवरून? एल्फिन्स्टन म्हणाली असती तर निदान पश्चिम रेल्वे ठरली असती, कांदिवलीला थोडा आधार मिळाला असता. ती भाजी निवडत होती.

“मी डबा भरून द्यायची. कुठं जाता ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.”

चिठ्ठीवर नाव लिहिले, अंदाजे वर्ष लिहिले, गोळा करणारा म्हणून वडिलांचे नाव लिहिले. ठिकाणासमोर पेन्सिलीने ‘कांदिवली’ लिहिले आणि खोडून टाकले.