नवे चाक मुरू द्या

लोणचे मुरावे लागते, नव्या घराची भिंत बसावी लागते, हे आपण सारेच जाणतो. संत्र्याच्या नव्या कलमेवर पहिल्याच वर्षी कोणी बहार धरीत नाही. पण सायकलचे चाक नवे बांधून आणले, की त्याच सांजेला आपण कॅरियरवर ढेपेचे पोते टाकतो. मग चाक डुलू लागले की म्हणतो, मिस्त्रीने काम कच्चे केले. पी हळद अन् हो गोरी, असा हा प्रकार.

कृषी खात्याच्या नोकरीत काटोल-नरखेडकडची गावे मी पुष्कळ फिरलो. बी.एस्सी.च्या अभ्यासात सायकलचे चाक नव्हते. ते मला समजावून दिले एका बाजारगावच्या म्हाताऱ्या मिस्त्रीने. गावोगावी आता मोटारसायकली झाल्या हे खरे. पण शाळेत जाणारी मुलगी, दूध घालणारा गवळी आणि वावरात जाणारा म्हातारा अजूनही सायकलच काढतो. म्हणून ही गोष्ट तुमच्या कामाची आहे.

आधी आपल्या बंडीचे चाक आठवा. मधे लाकडी तुंबा, त्यात जाड आरे, बाहेरून लोहाराने तापवून चढवलेली धाव. बंडीचा सारा भार खालच्या आऱ्यावर उभा राहतो. सायकलची तार तशी उभी राहू शकत नाही. दाबली तर ती वाकेल. म्हणून सगळ्या तारा आधीच ताणून ठेवलेल्या असतात. आपल्या जुन्या काळ्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० तारा येतात. त्या तिरप्या, एकमेकींना ओलांडून घातलेल्या असतात. म्हणजे पायडल मारल्यावर हबची ओढ रिमपर्यंत पोचते. इंग्लंडमध्ये जेम्स स्टार्ली या कारागिराने १८७४ साली या तिरप्या तारांचे पेटंट घेतले. आजही चाक त्याच रीतीने बांधतात.

आता नव्या चाकाकडून काय अपेक्षा ठेवावी ते ऐका.

पहिल्या दिवशी सायकलवर बसलात की चाकातून टिंग, कट् असे आवाज येतील. घाबरू नका. निपल आवळताना तारही थोडी पिळली जाते. अंगावर वजन येताच तो पीळ सुटतो, त्याचा तो आवाज. चांगला मिस्त्री चाक बांधतानाच दोन-दोन तारा मुठीत धरून दाबतो आणि बराचसा पीळ तिथेच काढतो. तरी थोडा राहतोच. तारेचे वाकडे टोकही हबच्या भोकात अजून बसायचे असते. ते बसले की तार किंचित सैल पडते आणि चाकात थोडा आउट येतो. हा दोष नव्हे, चाकाचा स्वभाव आहे. पन्नास ते शंभर किलोमीटर चालवल्यावर ते पुन्हा मिस्त्रीकडे न्यावे. तो आउट काढील, सैल तारा आवळील. पुढे मग ते बरीच वर्षे त्रास देत नाही.

इथे एक गैरसमज काढून टाकतो. आपल्याला वाटते, तार फार ताणली म्हणून तुटते. बहुधा उलट असते. चाक फिरताना खाली आलेल्या तारेची ओढ कमी होते, वर गेली की पुन्हा येते. तार मुळातच सैल असेल तर दर फेऱ्याला ती हलते, वाकते. कुंपणाची तार आपण हाताने मागे-पुढे वाकवून तोडतो ना, तसेच ते आहे. म्हणून सैल तारेवर ओझे लादणे म्हणजे ती तोडायला घेणेच होय.

एका गावी आठवीतली एक मुलगी होती. शाळा चार किलोमीटर दूर. मोठ्या भावाची जुनी सायकल तिला मिळाली होती. मागचे चाक गेले तेव्हा वडिलांनी मिस्त्रीकडून नवे बांधून घेतले आणि दुसऱ्याच दिवशी त्यावरून सरकीच्या ढेपेचे पोते आणले. आठ दिवसांत तीन तारा तुटल्या. वडील मला म्हणाले, "साहेब, दरवेळी पैसे कुठून घालू? पोरगी आता घरीच बरी." मी म्हटले, "भाऊ, एकदा माझ्याबरोबर मिस्त्रीकडे चला." मिस्त्रीने तीन तारा घातल्या, बाकीच्या बोटाने छेडून पाहिल्या आणि आवळल्या. पैसे फक्त तारांचे घेतले. वडिलांना एवढेच म्हणाला, "पंधरा दिवस यावर पोरगीच बसू दे, पोते नको. मग एकदा आणून दाखव." वडिलांनी ते ऐकले. त्या चाकावर मुलगी दहावी झाली. तीन तारांच्या पैशासाठी एका मुलीची शाळा सुटत होती, हे मी विसरलो नाही.

तुम्हीही घरच्या घरी चाक तपासू शकता. सायकल स्टँडवर उभी करून मागचे चाक फिरवा. रिम आणि ब्रेकचा रबर यांतले अंतर पाहा. ते कमी-जास्त होत असेल तर आउट आहे. मग एका बाजूच्या तारा बोटाने छेडा. आवाज साधारण सारखा हवा. एखादी भद्द वाजली तर ती सैल. पण पाना घेऊन स्वतः आवळत बसू नका. एक तार ओढली की रिम तिकडे सरकते. टायर चढवण्यापूर्वी रिमपट्टी घातली आहे ना, आणि तारेचे टोक वर आले नाही ना, हे पाहा. नाहीतर ट्यूब पंक्चर होत राहील. हवा पुरेशी ठेवा. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल धुऊन काढा. युरियाचे फाटके पोते सायकलवरून नेऊ नका. खताने लोखंड गंजते. एक तार तुटली तर लगेच बदला, कारण तिचा भार शेजारणींवर पडतो.

आणि चाक बांधून घ्याल तेव्हा मिस्त्रीला आधीच विचारा, "पुन्हा दाखवायला केव्हा आणू?" जो दिवस सांगेल, त्याच्याकडूनच चाक बांधून घ्या.