तासाला वीस हजारांची झोप

रेल्वेत लोअर बर्थ मिळवणं ही एक कला आहे आणि त्या कलेत मी उभी हयात घालवली आहे. डब्याच्या मधोमध, टॉयलेटपासून लांब आणि साइडचा नव्हे, असा बर्थ मी आमच्या घराण्यातल्या तीन पिढ्यांना मिळवून दिला. तेव्हा न्यूयॉर्कहून चिरंजीवांचा फोन आला, "बाबा, या वेळी आईला बिझनेस क्लासनंच आणायचं," आणि सीट निवडायचं काम आपसूकच माझ्या गळ्यात पडलं.

कारण हिचे गुडघे. मागल्या खेपेला मुंबई ते न्यूयॉर्क, साडेबारा हजार किलोमीटर, ही तिघांच्या रांगेत मधल्या सीटवर अंग चोरून बसली होती. उतरताना पाय असे सुजले की चपला काही केल्या जाईनात. विमानतळाबाहेर मी भरतासारखा हिच्या पादुका घेऊन आलो!

मुलानं जागतिक आरोग्य संघटनेचा २००७ सालचा अभ्यासही ऐकवला. चार तासांहून जास्त वेळ बसून प्रवास केला की पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुपटीच्या आसपास जातो म्हणे. मी जुना बँकवाला. विचारलं, "दुप्पट म्हणजे किती?" तर निरोगी माणसांत सहा हजारांत एकाला. पण हिच्या गुडघ्यांपुढे कुठलाही आकडा चालत नाही.

बिझनेस क्लास म्हणजे सगळीकडे एकच, असा माझा भाबडा समज होता. छे! कुठे खुर्ची पलंगासारखी पूर्ण सपाट होते. कुठे ती 'सपाट' म्हणवते, पण असते तिरकी. मग माणूस रात्रभर घसरगुंडीवरून पायांकडे सरकत राहतो. कुठे दोन-दोन-दोन अशा जोड्या. म्हणजे खिडकीशी बसलेल्यानं रात्री उठायचं तर शेजाऱ्याच्या पसरलेल्या पायांवरून हनुमानउडी! हिनं, आणि हनुमानउडी? एक-दोन-एक अशी मांडणी असली तर मात्र प्रत्येकाला थेट वाट. पुन्हा एकाच मार्गावर आज हे विमान, उद्या ते. आणि विमान रात्रीचं हवं. दिवसा त्या पलंगावर कोणी झोपत नाही, नुसतं जेवतं. आठवडाभर नकाशे पाहून मी अखेर सीट पक्की केली. स्वयंपाकघरापासून लांब, टॉयलेटपासून लांब. लोअर बर्थची पुण्याई!

राहता राहिले पैसे. मुलगा दोघांचंही भाडं द्यायला तयार होता. पण एकेरी प्रवासाला फरक एक लाख साठ हजारांचा, आणि त्याच्या डोक्यावर घराचे हप्ते. आठ तास झोप धरली तर तासाला वीस हजार. बँकेत लागलो तेव्हा माझा वर्षाचा पगारही एवढा नव्हता. मी म्हटलं, "आईचं काढ, मी मागे बसतो. अडतीस वर्षं बसण्याचाच पगार घेतलाय."

हा हिशेब विमानतळावर मी हिला सांगितला, तिथे चुकलं.

रात्री पाय मोकळे करण्याच्या निमित्तानं मी सारखा पडद्यापर्यंत जात होतो. तिसऱ्या खेपेला हवाई सुंदरीनं हटकलं. "आत माझी बायको आहे," म्हटल्यावर तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि पडदा जरासा सारला. ही सपाट पलंगावर, गळ्यापर्यंत दुलई, डोळे टक्क उघडे.

"अगं, झोप ना!"

"कशी झोपू? तासाला वीस हजार म्हणालात. घड्याळच बघतेय मघापासून. पन्नास हजार गेले वाया!"

मी मुकाट्यानं जागेवर आलो. पडद्याकडे जायची आता चोरी, त्यामुळे न्यूयॉर्क येईपर्यंत जागचा हललो नाही.

उतरल्यावर हिच्या चपला पायांत अलगद शिरल्या. ही ऐटीत पुढे निघाली. मुलानं आधी तिच्या पायांकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. माझे दोन्ही बूट तिथे होते.