किनाऱ्यावरचे आठ तास

अमेरिकेच्या वायव्य टोकाला अलास्का नावाचा विस्तीर्ण प्रदेश आहे. त्याच्या आग्नेय भागात शेकडो बेटे समुद्रात विखुरलेली असून, ती बेटे व मुख्य भूमी यांच्यामधून एक लांबलचक जलमार्ग गेला आहे. त्याला ‘इनसाइड पॅसेज’, म्हणजे आतला मार्ग, असे म्हणतात. पॅसिफिक महासागराच्या लाटा बेटांच्या तटबंदीवर आपटून थबकतात आणि आतले पाणी बहुधा शांत राहते. उन्हाळ्याच्या महिन्यांत सिअ‍ॅटल, व्हँकूव्हर या बंदरांतून मोठमोठी प्रवासी जहाजे इकडे येतात. दोन्ही तीरांवर काळसर हिरवी अरण्ये, त्यांच्या माथ्यावर हिमाच्छादित शिखरे आणि उन्हाळा असूनही अंगाला झोंबणारा वारा, असा हा प्रवास असतो.

जहाजावर प्रवाशाला फारशी निवड करावी लागत नाही. खाण्यापिण्याची, निजण्याची सोय झालेली असते. जहाज नेईल तिकडे जायचे, एवढेच त्याचे काम. परंतु जहाज बंदराला लागण्याची वेळ आली की चित्र पालटते. हातात सहलींचे पत्रक पडते. कोणी हिमनदीकडे बोलावतो, कोणी देवमासे दाखवू म्हणतो, कोणी हेलिकॉप्टरने थेट बर्फावर उतरवण्याचे आश्वासन देतो. प्रत्येक सहल मोहक. आणि मुक्काम मात्र जेमतेम आठ तासांचा. एक गोष्ट हाती घ्यावी, तर चार सोडाव्या लागतात. प्रवाशाची खरी परीक्षा येथेच होते.

शहाणा प्रवासी अशा वेळी पत्रकातील चित्रांपेक्षा स्वतःकडे अगोदर पाहतो. पायांत किती बळ आहे? थंडी-पाऊस किती सोसवेल? पिशवीत पैसा किती आहे? मग तो वेळेचा हिशेब करतो. जहाजाने स्वतः ठरवलेल्या सहलीला उशीर झाला, तर जहाज सहसा थांबते. परंतु गावात परस्पर ठरवलेल्या सहलीहून परतायला विलंब झाला, तर ते कोणासाठी थांबत नाही. धक्क्यावर उभे राहून आपलेच जहाज दूर जाताना पाहण्याची पाळी काही जणांवर येते, ती या हिशेबातील चुकीमुळे.

केचिकन हे वाटेतले एक गाव पावसासाठी प्रसिद्ध आहे. तेथे वर्षाला सुमारे १५० इंच पाऊस पडतो. अशा गावी विमानातून डोंगर पाहण्याचा बेत आखावा आणि ढगांनी तो उधळून लावावा, हे वारंवार घडते. पण पावसाला न जुमानणारी एक गोष्ट तेथे आहे. ती म्हणजे टोटेम स्तंभ. त्लिंगित, हैदा व त्सिम्शियन हे या किनाऱ्याचे मूळ रहिवासी. सिडार वृक्षाच्या उंच खोडांवर गरुड, कावळा, अस्वल, देवमासा यांच्या आकृती कोरून त्यांनी आपल्या कुळांच्या कथा जतन केल्या. ओस पडलेल्या जुन्या वसाहतींतून आणलेले एकोणिसाव्या शतकातील स्तंभ १९७६ मध्ये उभारलेल्या एका संग्रहालयात ठेवले आहेत. रंग उडालेल्या त्या लाकडांपुढे तासभर उभे राहणाऱ्याला गावाची जी ओळख होते, ती दुकाने हिंडणाऱ्याला होत नाही.

पुढचे मोठे बंदर जुनो. हे अलास्काचे राजधानीचे शहर. पण बाहेरून तेथे नेणारा एकही रस्ता नाही. जायचे ते बोटीने किंवा विमानाने. शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर मेंडेनहॉल नावाची हिमनदी आहे. उन्हाळ्यात जवळच्या समुद्रात कुबड्या जातीचे देवमासेही येतात. हिवाळा हवाई बेटांजवळच्या उबदार पाण्यात घालवून, हजारो किलोमीटर पोहत ते येथे पोट भरायला आलेले असतात. हिमनदी पाहावी की देवमासे, हा जुनोमधील नेहमीचा पेच.

एका जहाजावरील मराठी कुटुंबापुढे हाच पेच पडला होता. आजोबांचे गुडघे दुखरे, वडिलांना खर्चाचा विचार, आणि बारा वर्षांच्या नातीला ध्यास देवमाशाचा. सगळ्यांना मिळून एकच सहल परवडणार होती. आजोबा म्हणाले, “बाळ, तू म्हणशील तसे करू. माझे काय, मला जे दिसेल ते नवेच आहे.” नात पत्रक वाचत बसली. थोड्या वेळाने तिने विचारले, “आजोबा, ही हिमनदी मागे मागे सरकते आहे, असे यात लिहिले आहे. म्हणजे काय?”

आजोबांनी तिला समजावून सांगितले. वरच्या बाजूला जेवढा बर्फ साठतो, त्याहून अधिक खाली वितळला, तर हिमनदीची कड मागे हटत जाते. तिच्यासमोर आज जे सरोवर आहे, ते साधारण शंभर वर्षांपूर्वी नव्हते. तेथेही बर्फच होता. १९६२ मध्ये प्रवाशांसाठी प्रेक्षणगृह बांधले, तेव्हाही ती आजच्यापेक्षा पुष्कळ जवळ होती.

“मग मी तुमच्याएवढी होईन, तेव्हा ती दिसेल का?”

“आज दिसते तशी नाही दिसणार,” आजोबा म्हणाले.

नात बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “देवमासे पुढच्या वर्षी पुन्हा येतील. आपण हिमनदीकडे जाऊ.”

सारे हिमनदीकडे गेले. सरोवराच्या काठाने धबधब्यापर्यंत जाणारी वाट सपाट होती, म्हणून आजोबांनाही सावकाश चालता आले. त्या दिवशी देवमासा मात्र कोणालाच दिसला नाही. रात्री नात थोडी खट्टू झाली. पण आपण केलेली निवड चुकली, असे तिला वाटले नाही.

उत्तरेकडच्या स्कॅगवे गावाला निवडीची एक निराळीच कथा आहे. १८९६ मध्ये कॅनडातील क्लोंडाइक नदीच्या परिसरात सोने सापडले आणि हजारो माणसे या गावी येऊन थडकली. वर्षभर पुरेल एवढी, म्हणजे जवळजवळ एक टन सामग्री बरोबर असल्यावाचून कॅनडाचे पोलीस कोणाला सीमेपलीकडे जाऊ देत नसत. ते ओझे पाठीवरून खेपा घालून घाट चढवावे लागे. व्हाइट पासच्या वाटेवर सुमारे तीन हजार घोडे मेले. बहुतेकांना सोने मिळालेच नाही. डोंगर फोडून घातलेली अरुंद रुळांची रेल्वे १९०० मध्ये पूर्ण झाली, तोवर सोन्याची लाट ओसरली होती. आज त्याच गाडीत बसून प्रवासी ३२ किलोमीटरमध्ये सुमारे ८७० मीटर उंची चढतात. खिडकीतून खाली जुनी पायवाट दिसते, आणि सोन्याचा पाठलाग करणाऱ्या त्या माणसांच्या कष्टांची कल्पना येते.

या गावांचाही विचार प्रवाशाने करावयास हवा. जुनोची वस्ती सुमारे ३२,००० आहे. एकाच दिवशी तेथे त्याच्या निम्म्याहून अधिक पाहुणे उतरले, तर गावकऱ्यांना आपलेच रस्ते परके वाटू लागतात. म्हणून २०२४ पासून दिवसाला पाचच मोठी जहाजे यावीत असे ठरले. जेथे गर्दी कमी, जेथे वाट दाखवणारा त्याच मातीत वाढलेला, ती सहल पाहुण्याला अधिक देते आणि गावालाही जड जात नाही.

शेवटी जहाज ग्लेशियर बे या उपसागरात शिरते. येथे कोणतीही सहल नसते; या जहाजांतील प्रवाशांना किनाऱ्यावर उतरताच येत नाही. दिवसाला दोनच मोठ्या जहाजांना आत प्रवेश मिळतो. १७९४ मध्ये व्हँकूव्हरच्या मोहिमेतील खलाशांना या उपसागराच्या जवळजवळ तोंडाशीच बर्फाची भिंत दिसली होती. आज तेथे सुमारे १०० किलोमीटर लांबीचे पाणी पसरले आहे. श्रीमंत-गरीब, वृद्ध-बालक, सारे लोकरीचे कपडे लपेटून कठड्याशी उभे राहतात. कोणी बोलत नाही. मग निळसर बर्फाचा एखादा प्रचंड कडा निखळतो आणि पाण्यात कोसळतो. त्याचा गडगडाट थोड्या वेळाने कानांवर येतो.

साऱ्या गोष्टी पाहून झाल्या, असे म्हणणारा प्रवासी अद्याप जन्माला आलेला नाही. प्रत्येकाच्या पत्रकात न पाहिलेल्या सहलींची यादी उरतेच. त्या यादीकडे पाहून हळहळण्यापेक्षा, आपण जे निवडले ते डोळे भरून पाहिले ना, एवढेच स्वतःला विचारावे. ज्याचे उत्तर होकारार्थी येते, त्याचे आठ तास सत्कारणी लागले.