लिस्बन ते हेलसिंकी, खिडकीशी बसून

लिस्बनच्या विमानतळावर शेवटचा पास्तेल द नाता खाल्ला. वरची दालचिनी शर्टावर सांडली. ती झटकता झटकता पाटीकडे लक्ष गेलं: उंबेर्तु देल्गादु विमानतळ. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीविरुद्ध 1958ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवणारा हा जनरल. 1965मध्ये गुप्त पोलिसांनी त्याला संपवलं, 2016मध्ये विमानतळाला त्याचं नाव लागलं. गोवा सोडायला शेवटपर्यंत तयार नव्हता तोच हा सालाझार; त्यामुळे पाटी वाचून मला जरा बरंच वाटलं.

हेलसिंकी इथून सरळ रेषेत सुमारे 3,360 किलोमीटर, म्हणजे मुंबई-दिल्लीच्या जवळपास तिप्पट. उड्डाण साडेचार-पावणेपाच तासांचं. घड्याळाच्या हिशेबात मात्र आणखी दोन तास जातात, कारण फिनलंड तेवढं पुढे. सकाळी नऊला निघालेला माणूस दुपारी चारच्या सुमाराला उतरतो आणि जेवणाची वेळ कुठे गेली ते शोधत बसतो.

तासाभरात स्पेनचा किनारा सुटला आणि खाली बिस्केचा उपसागर आला. करडा, सुरकुतलेला. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ होतं, त्यामुळे लिस्बनहून इंग्लंडला प्रवासी विमानं चालूच होती. 1 जून 1943 रोजी असंच एक डीसी-3 ब्रिस्टलकडे निघालं आणि याच पाण्यावर जर्मन विमानांनी ते पाडलं. सतराच्या सतरा माणसं गेली. ‘गॉन विथ द विंड’मधला अ‍ॅश्ले, म्हणजे लेस्ली हॉवर्ड, त्यांतलाच एक. शेजारचे आजोबा तोंड उघडं टाकून घोरत होते. मी बराच वेळ खाली बघत राहिलो.

पुढे सगळे ढगच. फ्रान्स कधी आलं नि गेलं, कळलं नाही. बाल्टिक ओलांडल्यावर ढग विरले आणि खाली झाडांनी भरलेली बेटं दिसू लागली, कुणी मूठभर शेवाळ भिरकावून द्यावं तशी.

हेलसिंकीचा विमानतळ 1952चा, ऑलिम्पिकसाठी बांधलेला. ऑलिम्पिक खरं तर 1940मध्येच व्हायचं होतं, युद्धाने बारा वर्षं लांबलं. आणि 1952 म्हटलं की कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. त्यांना इथवर पाठवायला गावाने वर्गणी काढली, कोल्हापूरच्या त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्यांनी राहतं घर गहाण टाकलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक, कुस्तीतलं कांस्य, ते इथून घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी स्टेडियमवर गेलो. मनोऱ्याची उंची 72.71 मीटर, 1932च्या ऑलिम्पिकमध्ये मात्ती यार्विनेनचा भाला नेमका तेवढा लांब गेला होता! पण मला ओढ होती ती शेजारच्या हॉलची. कुस्त्या तिथेच झाल्या होत्या. आता गावातली माणसं तिथे खेळायला येतात. दारात दोन पोरं बुटांच्या नाड्या बांधत बसली होती. त्यांना वाट विचारली, तर एकाने मान न उचलताच आत बोट दाखवलं.