बोरसीच्या माळ्यावर पिंकी आणि बिल्लू

नागपूरहून हावड्याकडे निघालेली गाडी गोंदियानंतर महाराष्ट्राची हद्द ओलांडते आणि डोंगरगड, राजनांदगाव मागे टाकत दुर्गला पोहोचते. दुर्ग आणि भिलाई ही जुळी शहरे. एक कुठे संपते नि दुसरे कुठे सुरू होते, हे नवख्याला कळत नाही. याच जोडशहरात बोरसी आहे. नाव अजून गावाचे, रूप मात्र वसाहतीचे. पोलाद कारखान्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या अनेकांनी निवृत्तीनंतर अशाच वसाहतींत घरे बांधली. दारावरच्या पाट्या वाचत निघाले तर साहू, वर्मा, राव, नायर यांच्या रांगेत मधूनच एखादे देशमुख, एखादे जोशी भेटतात.

बोरसीत प्रवाशाने मुद्दाम पाहावे असे देऊळ वा किल्ला नाही. इथले पाहण्यासारखे बरेच काही घरांच्या आत आहे. सरकारी क्वार्टर सोडताना भांडी, गाद्या, देव्हारा यांच्याबरोबर एखादी पत्र्याची ट्रंकही नव्या घराच्या माळ्यावर चढली. तिच्यात मुलांची जुनी कॉमिक्स असतात. मुले नोकरीसाठी पुण्याला, बंगळूरला, परदेशी गेली. ट्रंक मात्र राहिली. दर दिवाळीच्या साफसफाईत घरात एकच प्रश्न निघतो: ही रद्दी आता द्यायची का?

उत्तर देण्यापूर्वी ट्रंकेत काय आहे ते पाहायला हवे.

अनेक भाषांचे गाव

भिलाईच्या कारखान्यासाठी १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कामासाठी देशभरातून माणसे आली. सेक्टरांच्या एकसारख्या घरांत शेजारी शेजारी मराठी, तेलुगू, बंगाली, मल्याळम, पंजाबी नांदू लागल्या.

मराठी माणूस या मुलखाला नवा नव्हता. १९५६ पर्यंत हा भाग ज्या प्रांतात होता त्याची राजधानीच नागपूर होती. मराठी घरात जन्मलेल्या माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्राहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. हिंदीतले मोठे कवी गजानन माधव मुक्तिबोध यांची मातृभाषाही मराठीच. आयुष्याची अखेरची वर्षे ते राजनांदगावच्या महाविद्यालयात शिकवत होते. घरी मराठी आणि बाहेर हिंदी, ही रीत इथे जुनीच आहे.

खोडकरांची टोळी

कारखान्यातल्या घरांच्या बच्चेकंपनीला हिंदी शिकवली ती शाळेने, पण गोडी लावली कॉमिक्सने. दोरीवर चिमट्याने अडकवलेली रंगीत पुस्तके, चार-आठ आण्यांत दिवसभरासाठी भाड्याने देणारे दुकानदार आणि रेल्वे स्थानकावरचा बुकस्टॉल ही त्या पिढीची वाचनालये होती. एकाने आणलेले पुस्तक संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीत फिरून येई.

या दुनियेचे अनभिषिक्त राजे होते व्यंगचित्रकार प्राण. त्यांचा जन्म १९३८ चा. १९६० मध्ये दिल्लीच्या ‘मिलाप’ दैनिकात ‘डब्बू’ची चित्रमालिका काढून त्यांनी सुरुवात केली. ‘लोटपोट’मधून त्यांचे चाचा चौधरी घराघरांत गेले. मुलांना खरी आपली वाटत ती मात्र पिंकी आणि बिल्लू. पिंकी मदत करायला निघते आणि शेजारच्या झपटजींची दाणादाण उडवते. सोबत कुटकुट नावाची खार असतेच. बिल्लूचे डोळे केसांआड कायमचे लपलेले. तो, गब्दू आणि मोती नावाचा कुत्रा यांच्यापुढे बजरंगी पहिलवानाचीही मात्रा चालत नाही.

चित्रांतल्या खोडकर पोरांचे घराणे जगभर पसरले आहे. जर्मनीत विल्हेल्म बुश यांनी १८६५ मध्ये ‘मॅक्स आणि मॉरिट्झ’ ही वात्रट जोडी रंगवली. तिच्यावरून अमेरिकेत रुडॉल्फ डर्क्स यांनी १८९७ मध्ये ‘कॅट्झेनजॅमर किड्स’ सुरू केले. १९५१ मध्ये तर अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे ‘डेनिस द मेनेस’ याच नावाची दोन वेगवेगळी पोरे अवतरली. पिंकी-बिल्लूंचा वाडा मात्र अस्सल भारतीय. गच्ची, क्रिकेटचा चेंडू, फुटलेली काच आणि रागावलेले काका सेक्टरातल्या मुलांना रोजच्या ओळखीचे होते.

मराठी हातांचे प्राणी

ट्रंकेच्या तळाशी ‘टिंकल’चे अंक सापडतात. अनंत पै यांच्या संपादनाखाली हे मासिक १९८० मध्ये निघाले. त्यातला चतुर कावळा कालिया आणि त्याच्याकडून हरघडी फजिती करून घेणारा कोल्हा चमाटका व मगर डूबडूब यांची चित्रे प्रदीप साठे यांची. डोळ्यांवर टोपी ओढलेला भित्रा शिकारी शंभू वसंत हळबे यांच्या कुंचल्यातून उतरला, तर भोळा सुपंडी राम वाईरकर यांच्या. कालियाच्या फजित्या वाचून रविवारी मैत्री बागेत जायचे आणि खरी मगर डूबडूबसारखी दिसते का ते पाहायचे, हा भिलाईच्या मुलांना सहज जमणारा बेत. भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून उभ्या राहिलेल्या या प्राणिसंग्रहालयात पांढरे वाघही आहेत.

जोशीकाकूंचे हसू

मराठी वाचायला काय होते? डाकेने येणारा ‘चांदोबा’, १९७१ पासून निघणारे बालभारतीचे ‘किशोर’, मराठी ‘चंपक’. पुढे १९९१ मध्ये पुण्याच्या ‘सकाळ’मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ आला. त्याची पुस्तके सुट्टीत महाराष्ट्रात गेलेल्यांच्या पिशवीतून भिलाईपर्यंत यायची. पप्पू, मिनी, बगळ्या ही मंडळी पिंकीइतकीच व्रात्य. पण जोशीकाकूंच्या बोलण्यातला तिरकसपणा कळायला घरची मराठीच लागते.

परमुलखातल्या आईवडिलांची चिंता नेमकी हीच असते. मूल मराठी समजते, पण उत्तर हिंदीत देते. ‘मराठीत बोल’ असे दटावून ते बोलू लागत नाही. विनोद मात्र दटावल्याशिवाय काम करतो, कारण हसण्यासाठी शब्द नेमका कळावा लागतो. झपटजींच्या फजितीने या मुलांना शेजाऱ्यांच्या भाषेत सामील करून घेतले आणि जोशीकाकूंनी त्यांना आजीच्या भाषेशी बांधून ठेवले. एकाच ट्रंकेत दोन्ही नांदले.

प्राण ५ ऑगस्ट २०१४ रोजी गेले. ‘चांदोबा’ बंद पडला. ‘लोटपोट’मधले मोटू-पतलू २०१२ पासून दूरदर्शनसंचावर पळतात. पडद्यावरची चित्रे नातवंडांना हसवतात, पण त्यांच्याकडून अक्षरे वाचून घेत नाहीत.

म्हणून बोरसीच्या माळ्यावरच्या ट्रंकेचा प्रश्न रद्दीच्या भावावर सोडवण्याजोगा नाही. पुस्तकांना दुपारभर हवा द्यावी, खाली कडुनिंबाचा वाळलेला पाला पसरावा, फाटकी पाने शिवून घ्यावीत. उन्हाळ्यात नातवंडे आली की ‘चिंटू’ मुद्दाम हाताशी ठेवावा. आजोबांनी जोशीकाकूंचे बोलणे वाचावे आणि चिंटूचे नातवाकडून वाचून घ्यावे. अडला शब्द तो स्वतःच विचारील.