मैत्रीला भेट हवी

भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्या माणसाला शब्दापाशी थांबण्याची सवयच जडते. नव्या करारात योहानाची दोन अगदी लहान पत्रे आहेत, दुसरे आणि तिसरे. दोहोंच्या अखेरीस जवळजवळ एकच मजकूर येतो : लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, परंतु ते शाईने लिहीत बसावे असे वाटत नाही, लवकरच भेट होईल आणि तेव्हा बोलू. तेथील मूळ ग्रीक शब्दांचा अक्षरशः अर्थ 'मुखाने मुखाशी' असा आहे, आणि आपला 'तोंडोतोंड' हा जुना शब्द त्याच्या अगदी जवळ जातो. पत्र लिहिणारा पत्राला तुच्छ लेखत नाही, कारण ते त्याने लिहिलेच आहे. पत्राने भेट जवळ आणावी, तिची जागा घेऊ नये, एवढेच त्याचे म्हणणे आहे.

घरातील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांकडे पाहताना मला हे वारंवार आठवते. व्हॉट्सअ‍ॅप २००९ साली आले, २०१६ पासून आपल्याकडे इंटरनेट स्वस्त झाले, आणि २०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा अभ्यासही फोनवरच येऊन बसला. जी मुले त्या काळात वाढली, त्यांना मैत्रीचा पहिला परिचय पडद्यावर झाला, यात त्यांचा दोष काय?

ख्रिस्ती कुटुंबांत या प्रश्नाला आणखी एक बाजू असते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशाच्या लोकसंख्येत ख्रिस्ती लोकांचे प्रमाण सुमारे २.३ टक्के होते. ईशान्येकडील काही राज्ये, केरळ, गोवा यांसारखे प्रदेश वगळले, तर वर्गात आपल्यासारखा दुसरा विद्यार्थी मुलाला क्वचितच आढळतो. वसईचे किंवा अहिल्यानगरचे एखादे मराठी कुटुंब बदलीमुळे दिल्लीस वा भोपाळला गेले, की नाताळची मराठी गाणी मुलाने कोणाबरोबर म्हणावीत? अशा वेळी गावाकडच्या मावसभावाचा आवाज ज्या यंत्रातून ऐकू येतो, ते यंत्र फेकून द्या असे सांगणाऱ्याने त्या मुलाचे एकटेपण पाहिलेले नसते. म्हणून फोनला शत्रू मानून या प्रश्नाचा विचार करता येणार नाही.

मात्र फोनला जे साधत नाही, तेही ओळखले पाहिजे. दिल्लीतील आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदवर्गात, मी काही वर्षे तरुणांच्या रविवारच्या वर्गाला मदत करीत आहे. तेथील दोन मैत्रिणींची गोष्ट सांगण्याजोगी आहे. एक मुलगी गाण्याच्या सरावाला आली नाही. दुसरीने सर्वांच्या सामाईक गटावर लिहिले, 'आल्याबद्दल आभार!' ती थट्टा होती. समोर उभे राहून म्हटली असती, तर दोघीही हसल्या असत्या. परंतु लिहिलेल्या शब्दांना स्वर नसतो. पहिलीला तो टोमणा वाटला. त्याखाली इतरांनी हसरे चेहरे पाठविले, तेव्हा आपली चारचौघांत शोभा झाली असे तिला वाटले. तीन आठवडे दोघी वेगवेगळ्या बाकांवर बसत होत्या.

मत्तयाच्या शुभवर्तमानात याविषयी दोन ठिकाणी स्पष्ट शिकवण आहे. वेदीपाशी देणगी आणली असता भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर देणगी तेथेच ठेवून आधी जाऊन समेट करावा. भावाने अपराध केला, तर प्रथम दोघेच असताना त्याच्याशी बोलावे. दोन्हीकडे भर 'जा' या क्रियापदावर आहे. सामाईक गटावरचे भांडण याच्या नेमके उलट असते : जावयाचे कोणीच नाही, आणि पाहावयाचे सर्वांनी!

आमच्या पाळकांच्या पत्नींनी त्या मुलींना उपदेश केला नाही. मंडळीतील एका वृद्ध विधवा बाईंकडे दर रविवारी जेवणाचा डबा पोचविण्याचे काम त्यांनी दोघींना मिळून दिले. पायी वीस मिनिटांची वाट. पहिल्या रविवारी दोघी मुक्याने गेल्या आणि मुक्यानेच परतल्या. दुसऱ्या रविवारी आजींनी त्यांना बसवून घेतले. त्यांना आता वाचता येत नाही. नारायण वामन टिळकांची गीते (टिळकांचा काळ १८६१ ते १९१९) त्यांनी मुलींकडून म्हणवून घेतली. त्या दिवशी मुली उशिरा परतल्या. वाटेत काय बोलणे झाले, ते आम्ही विचारले नाही. पुढच्या रविवारी त्या एका बाकावर होत्या.

गाण्याचेही तसेच आहे. २०२० मध्ये आमच्या तरुणांनी पडद्यावर सराव करून पाहिला. निरनिराळ्या घरांतून येणारे सूर किंचित मागेपुढे पोचत. म्हणून एकाने गावे आणि बाकीच्यांनी आपला आवाज बंद ठेवावा, एवढाच मार्ग उरला. समूहगानात शेजाऱ्याचा श्वास ऐकून आपला सूर लावावा लागतो. मैत्रीतही बहुधा हेच शिकावयाचे असते.

एकाकी तरुणांचा प्रश्न आजच उद्भवला आहे, असेही नाही. १८४४ साली लंडनमध्ये कापडाच्या दुकानात नोकरी करणाऱ्या जॉर्ज विल्यम्स या २२ वर्षांच्या तरुणाने सोबत्यांसह यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनची स्थापना केली. शहरात नव्याने आलेल्या, दिवसभर राबणाऱ्या मुलांना एकत्र बसण्याचे ठिकाण हवे होते. १८५७ मध्ये ही संस्था कोलकात्यात आली. पुढे १८९१ साली अमेरिकेतील तिच्याच एका प्रशिक्षण शाळेत हिवाळ्यात छपराखाली खेळण्यासाठी बास्केटबॉलचा खेळ निघाला. ठिकाण, ठरलेली वेळ आणि मिळून करावयाचे काहीतरी, एवढ्या सामग्रीवर पिढ्यान्‌पिढ्यांच्या मैत्री जमल्या.

आईवडिलांनाही हेच करता येईल. मुलाचे चार मित्र घरी आले, तर पसाऱ्याची काळजी न करता त्यांना बसू द्यावे. ते मित्र आपल्याच चर्चचे असावेत असा आग्रह नसावा. 'माझा शेजारी कोण?' या प्रश्नाला ख्रिस्ताने परक्या समाजातील शोमरोनी माणसाचे उदाहरण देऊन उत्तर दिले होते. जेवताना फोन बाजूला ठेवावा, आणि तो प्रथम वडीलधाऱ्यांनी ठेवावा. भांडण झाल्यास 'तिला काय लिहिलेस?' असे विचारण्याऐवजी 'तिच्याकडे केव्हा जातेस?' असे विचारावे.

ऑस्ट्रेलियात डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई झाली आहे. कायदा एक दार लावू शकतो. मुलाशेजारी बाकावर कोण येऊन बसणार, हे मात्र त्याला ठरविता येत नाही. ते घराने आणि मंडळीनेच पाहावयाचे आहे. फोन मुलांच्या हाती राहणारच आहे. त्यावरून संदेश पाठवावयाचाच, तर तो 'पाच वाजता ये' असा पाठवावा, एवढे आपण त्यांना शिकविले तरी पुष्कळ झाले.