नातीची विजार

आज जरा वेगळाच विषय. माझी नात नोकरीनिमित्त म्युनिकला असते. तिला तिकडे डोंगर चढायचा नाद लागला आहे. येत्या जुलैत ती स्वित्झर्लंडमधल्या ब्राइटहॉर्न नावाच्या बर्फाच्या शिखरावर जाणार आहे. उंची ४१६४ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या (१६४६ मीटर) अडीच पट! गेला महिनाभर दर रविवारी फोनवर आमच्या दोघींचा एकच विषय चालू आहे. वरून घालायची जलरोधक विजार कोणती घ्यावी? तिच्या भाषेत शेल पँट. शेल म्हणजे कवच.

"एका विजारीसाठी महिना?" असं मी म्हटलं, तर म्हणाली, "आजी, तू माझ्या आईच्या लग्नात शालूसाठी किती दुकानं पालथी घातली होतीस, ते ऐकलंय मी!" आता यावर काय बोलणार?

आपल्याकडे पावसाळ्यात मुलं गडावर जातात ती भिजायलाच. कोकणात पूर्वी भातलावणीला इरलं असायचं, देशावर घोंगडीची खोळ. ओली झाली तरी घोंगडी ऊब देते. आणि सह्याद्रीत ओलं झालं म्हणून सहसा जिवावर बेतत नाही. घरी आलं, अंग पुसलं, आल्याचा चहा घेतला की झालं. बर्फातलं गणित मात्र वेगळं. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पटीने उष्णता वाहून नेतं. त्यात वारा सुटला की ओल्या कपड्यातला माणूस भराभर गार पडतो. आधी बोटं ऐकत नाहीत, मग दोराची गाठ नीट बसत नाही, मग विचारही मंदावतो. म्हणून तिथे कोरडं राहणं ही चैन नव्हे.

मग साधा रबरी रेनकोट का नाही चालत? कारण चढताना घाम येतो. तो बाहेर पडला नाही तर माणूस आतूनच भिजतो. बाहेरचं पाणी आत येऊ नये, पण आतली वाफ बाहेर जावी, अशी ही दुहेरी अट आहे. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीचं एक प्लास्टिक तापवून हळूहळू ताणायचा प्रयत्न केला, तर ते तुटत होतं. शेवटी त्यांनी एक जोराचा हिसका दिला आणि ते कितीतरी पट लांबलं! त्यात अतिसूक्ष्म छिद्रं तयार झाली. थेंब आत शिरणार नाही, वाफ मात्र बाहेर जाईल, इतकी बारीक. हेच ते गोअर-टेक्स.

त्याआधी लोक काय घालत होते? मी इतिहास शिकवायची, त्यामुळे हा प्रश्न मला पडणारच. १९२४ साली एव्हरेस्टवर नाहीसा झालेल्या जॉर्ज मॅलरीचा देह १९९९ मध्ये सापडला. त्याच्या अंगावर रेशीम, सुती आणि लोकरी कपड्यांचे थर होते आणि वरून दाट विणीचं गॅबर्डीन. तसेच कपडे पुन्हा शिवून २००६ मध्ये एव्हरेस्टवर घालूनही पाहिले गेले.

पण नातीने सांगितलेली खरी गंमत पुढेच आहे. विजारीच्या बाहेरच्या कापडावर पाणी ओघळून जावं म्हणून एक लेप असतो. तो झिजला की वरचं कापड पाणी पितं, वाफेची वाट बंद होते, आणि आत ओलसर लागतं. माणसाला वाटतं विजार गळते आहे. प्रत्यक्षात तो आपलाच घाम असतो! उपाय अगदी घरगुती. खास साबणाने धुवायची, आणि लेबलावर चालेल असं लिहिलं असेल तर मंद उष्णतेवर वाळवायची. कपडे मऊ करणारं द्रव्य मात्र अजिबात नको. पूर्वी या लेपात फ्लोरिनची रसायनं असत. ती निसर्गात विरत नाहीत, पाण्यात साठून राहतात. फ्रान्सने १ जानेवारी २०२६ पासून काही अपवाद वगळून अशा कपड्यांवर बंदी घातली आहे. फ्लोरिन नसलेले नवे लेप अंगाच्या तेलकटपणापुढे फारसा टिकाव धरत नाहीत, त्यामुळे ते वारंवार धुवावे लागतात.

मग मला न राहवून मी विचारलंच, "सगळ्यात भारी कुठली? पैसे मी देते." त्यावर बाईसाहेबांनी मलाच शिकवणी दिली. भारी म्हणजे जाड, तीन थरांची, पाचशे-सहाशे ग्रॅम वजनाची. दिवसभर बर्फात लोळणाऱ्याला ती ठीक. हिला मात्र बहुतेक वेळ साधी, ताणली जाणारी पँटच पुरणार. शेल पँट पिशवीत राहणार आणि हवा बिघडली तरच निघणार. म्हणून हलकी हवी. पण बाजूची झिप कमरेपासून घोट्यापर्यंत उघडणारी हवी. बुटांना क्रॅम्पॉन, म्हणजे पोलादी सुळे, बांधलेले असताना भर वाऱ्यात ते सोडत कोण बसणार? घोट्याशी आतल्या बाजूला जाड ठिगळ हवं, नाहीतर सुळे कापड फाडतात. पायाशी घोळ नको. सुळा घोळात अडकला की माणूस तोंडावर पडतो. आणि कमरेला दोराचा पट्टा बसतो, तिथे जाड शिवण किंवा बक्कल टोचता कामा नये. दुकानात बूट आणि पट्टा नेऊन, गुडघा छातीपर्यंत उचलून पाहायचं, मगच पैसे द्यायचे.

"आणि पडलीस तर?" मी विचारलं. हे मला महिनाभर विचारायचं होतं. ती शांतपणे म्हणाली, "हे कापड गुळगुळीत असतं ना आजी, घट्ट बर्फावर त्याच्यावरून माणूस फार वेगाने घसरतो. म्हणून कुऱ्हाड रोवून लगेच थांबायचा सराव आधी खाली, सोप्या उतारावर करतात. मी दोनदा केलाय. जूनमध्ये पुन्हा करणार आहे."

त्या उत्तराने माझी काळजी गेली का? नाही गेली. पण तिची जात बदलली. जी मुलगी विजार घेतानाच वाईटातल्या वाईट तासाचा इतक्या थंड डोक्याने विचार करते, ती हवा बिघडली तर शिखर सोडून मागेही फिरेल, असं मला वाटू लागलं आहे. आम्ही मुलांना परीक्षेला पाठवताना सगळं येतं का, एवढंच विचारायचो. काही आलं नाही तर काय करशील, हे क्वचितच.

शेवटी तिने मधल्या किमतीची, तीनशे ग्रॅमच्या आतली, काळी विजार घेतली. "काळी कशाला, लाल घ्यायचीस, लांबून दिसली असतीस," असं मी म्हटलं. जॅकेट नारिंगी आहे म्हणे. असो. ती पिशवीतून काढायची वेळच येऊ नये, एवढीच आजीची इच्छा.